महाग क्रीम खरंच जास्त मऊ लागतं का?

राजारामपुरीतून २,४०० रुपयांचं क्रीम आणलंस, ते नेहमीच्या ९० रुपयांवाल्यापेक्षा कितीतरी मऊ लागतं, आणि नवरा म्हणतो सगळे मनाचे खेळ. खरं कुणाचं, असं तू विचारलंयस.

अगं, तुला मऊ लागतं ते खरंच लागतं. शाहूपुरीत १९ वर्षं पार्लर चालवतेय, हे रोज बघते. मागच्या दिवाळीत आमच्या भिशीत एकच लोशन दोन ठिकाणी भरून नेलं होतं. निम्मं सोनेरी झाकणाच्या जड काचेच्या बरणीत, निम्मं साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीत. बाटलीतलं सगळ्यांनी गप्पा मारत भसाभसा चोळलं. बरणी हातात आली की मात्र आवाज खाली यायचा. बोटाच्या टोकावर एवढंसं घ्यायचं, वास घ्यायचा, मग मनगटापासून कोपरापर्यंत सावकाश पसरायचं. आठपैकी सहा जणींना बरणीतलं जास्त मऊ वाटलं.

त्या सावकाश हाताकडे मी मुद्दाम लक्ष दिलं. हातावरच्या लव असलेल्या त्वचेत काही बारीक नसा अशा असतात, की सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर अशा हळुवार स्पर्शालाच त्या सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. आई बाळाला कुरवाळते, त्या गतीला. घाईत चोळलं की तो प्रतिसाद कमी होतो. म्हणजे भारी बरणीनं आधी हात बदलला, असं मला वाटतं.

पण हात तोच ठेवला तरी फरक पडतो. ऑक्सफर्डमध्ये मॅकेब, रोल्स वगैरे संशोधकांनी लोकांच्या हातावर क्रीम चोळलं आणि समोर कधी 'समृद्ध मॉइश्चरायझिंग क्रीम' तर कधी 'साधं क्रीम' अशा अर्थाचे शब्द दाखवले. त्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. शब्द बदलले तसं लोकांना वाटणारं सुख बदललं, आणि स्पर्शाचं सुख जोखणाऱ्या मेंदूच्या भागांतली हालचालही बदलली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात वाइनबद्दल असंच दिसलं, तीच वाइन महाग म्हणून सांगितली की लोकांना जास्त आवडली. तेव्हा नवऱ्याला सांग, खेळ असला तरी तो मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसतो.

आता जे मला खरं सांगायचंय ते. २०१७ मध्ये हॅम्बुर्गच्या संशोधकांनी लोकांना खाज कमी करणारं म्हणून क्रीम दिलं, आणि दुष्परिणाम म्हणून त्यानं दुखणं जास्त जाणवू शकतं असंही सांगितलं. खोकी दोन, एक महागडं दिसणारं, एक स्वस्त. आत औषध कशातच नव्हतं. तरी महागडं खोकं बघितलेल्यांना हातावर मुद्दाम दिलेला चटका जास्त दुखला, आणि तो फरक थेट मज्जारज्जूपर्यंत दिसला. किंमत सुख वाढवते तशी भीतीही वाढवते.

पार्लरमध्ये मी याची तिसरीच तऱ्हा बघितलीय. एका ताईंचे गाल महागड्या क्रीमनं तीन आठवडे लालभडक होते. जळजळतंय म्हणजे काम करतंय, एवढे पैसे घातलेत ते उगाच का, म्हणून त्या लावतच राहिल्या. मी अक्षरशः हात जोडले तेव्हा थांबल्या. मला अजून वाईट वाटतं, की मी आधीच्याच आठवड्यात का नाही बोलले. तुला तसं काही झालं तर डबीची किंमत बघू नकोस, लावायचं थांबव आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. आपल्या कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही त्वचारोग विभाग आहे.

पाणी धरून ठेवायचं काम ग्लिसरीन दोन्हीकडे सारखंच करतं, त्याला सोनेरी झाकण कळत नाही. घटकांची यादी शेजारी ठेवून बघ. मग नवऱ्यालाच दोन सारख्या डब्यांत दोन्ही क्रीमं भरायला लाव, कुठलं कुठं ते त्यानं लिहून ठेवायचं. सुगंधानं ओळखू येईल, म्हणून लावताना डबी नाकाजवळ नेऊ नकोस. पंधरा दिवस एक डाव्या हाताला, एक उजव्या, त्याच सावकाश हातानं. मग कुठला हात मऊ लागतो ते इथं कळव.