वाचक विचारतात : चंदन आणि गल्पर शार्क

प्रश्न : मुलीच्या प्रकल्पात चंदन ‘असुरक्षित’ आणि खोल समुद्रातला गल्पर शार्क ‘संकटग्रस्त’ असं आहे. झाड आणि मासा एकाच मापाने कसे मोजतात? आम्हाला दोन एकरांत चंदन लावायचंय, हरकत नाही ना?
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : माप पिढ्यांचं आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत १० वर्षं किंवा तीन पिढ्या, यांतला मोठा काळ धरून संख्या किती घटली ते बघतात. घटीचं कारण अजून चालू असेल तर ३० टक्क्यांना असुरक्षित, ५० ला संकटग्रस्त, ८० ला अतिसंकटग्रस्त. इतर निकषही आहेत. पण झाड आणि मासा शेजारी बसतात ते यामुळे.

दोघांच्याही मुळावर आलंय ते तेल. गल्परचं यकृत शरीराच्या वजनाच्या जवळपास पाचव्या हिश्शाइतकं भरतं. त्यातलं स्क्वालीन हे तेल सौंदर्यप्रसाधनांत जातं. गर्भ सुमारे दोन वर्षं पोटात राहतो आणि पिल्लं मोजकीच, त्यामुळे मासेमारी थांबली तरी भर पडायला दशकं लागतात. या शार्कची शेती होत नाही. पर्याय मात्र आहे : ऑलिव्हपासून आणि उसाची साखर आंबवूनही तसंच तेल बनतं. क्रीम घेताना ‘वनस्पतिजन्य’ असं लिहिलेलं बघा.

चंदन लावता येतं. ‘असुरक्षित’ हा शिक्का रानातल्या झाडांना आहे. पण हे अर्धपरोपजीवी झाड, शेजाऱ्याच्या मुळांतून अन्नपाणी ओढतं. नुसतं चंदन लावलं की पानं पिवळी पडून वाढ खुंटते, आणि लोक खताला दोष देतात. रोपापासून फूट-दीड फुटावर तूर टोका. तूर वर्ष-दोन वर्षांत संपते, म्हणून १० ते १२ फुटांवर लावलेल्या दोन चंदनांच्या मधे सुरूचं झाड किंवा करंज पहिल्याच पावसाळ्यात लावून टाका. भारी काळ्या रानात पाणी साचलं की मुळं कुजतात. तिथे वरंबा करा, नाहीतर मुरमाड तुकडा निवडा.

तेल गाभ्यात आणि मुळांत असतं. म्हणूनच चोर बुंध्यासकट उपटून नेतो, फुटव्याचीही आशा राहत नाही. गाभा धरायला दहाएक वर्षं लागतात, राखण तेव्हापासून कडक हवी. सातबाऱ्यावर नोंद आताच करा. तोडीला आणि वाहतुकीला वन विभागाची परवानगी लागते.