‘लोभ असावा’ मधला लोभ कुठला?

म्हापशाच्या एका कॉलेजातल्या मुलीने विचारलंय की आजोबांची जुनी पत्रं चाळताना जवळजवळ प्रत्येकाच्या शेवटी ‘लोभ असावा ही विनंती’ असं दिसतं, पण लोभ म्हणजे तर हाव, षड्रिपूंतला एक, मग माणूस समोरच्याला हाव धर म्हणून विनंती कशाला करेल?

प्रश्न एकदम बरोबर आहे, ‘जुनी पद्धत’ म्हणून झटकण्यासारखा नाही. लुभ् हा संस्कृत धातू, अर्थ ओढ लागणे, हवंहवंसं वाटणे, आणि गंमत म्हणजे इंग्रजीतलं लव्हसुद्धा दूरच्या नात्याने याच मुळाचं. ओढ पैशाची असली की माणूस लोभी, पण बाळाचं हसू लोभस, आणि यात कधी कुणी गोंधळत नाही. पत्रातला लोभ आपला नाहीच मुळी, तो समोरच्याचा. तुमच्या मनात माझी ओढ राहूदे, एवढंच मागणं. काही पत्रांत तर ‘लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा’ असंही सापडेल, म्हणजे मुद्दल आहे पण व्याजही पाहिजे! माझ्या एका काकांनी भाडं थकवलेल्या भाडेकरूला चांगलं झाडलं होतं दोन पानं भरून आणि खाली सवयीने लोभ असावा लिहून सही ठोकली होती, त्यामुळे प्रत्येक लोभ मनापासूनचा असतो असंही समजू नकोस.

आता आपल्या गोव्यातली गोष्ट अशी की हेच आजोबा घरात कोकणी बोलत असणार आणि कोकणीत प्रेमाला सरळ ‘मोग’. बोलायला मोग, लिहायला लोभ, असं दोन खिशांत दोन शब्द घेऊन फिरणारी पिढी होती ती. इंग्लंडातून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण हे ओवीबद्ध काव्य 1616 साली इथल्याच रायतूरला छापलं गेलं, रोमन लिपीत पण मराठीत, आणि त्यात ‘जैसी पुस्पांमाजि पुस्प मोगरी’ म्हणत मराठीचं जे कौतुक आहे ते वाचून मला तर वाटतं की बाहेरून येऊन भाषेवर जीव जडतो तो असा. (मोगरी आणि मोग यांचं नातं कृपा करून जोडू नका, मोगरा हा मुद्गरावरून आलाय.)

माझ्या मते खरी मजा ‘माया’ मध्ये आहे. वेदान्ती म्हणणार माया म्हणजे भ्रम, त्यातून सुटा, आणि तोच शब्द आपण आईला लावतो, आजीची माया म्हणतो. कुणी पैसे खाल्ले तरी ‘बरीच माया जमवली’. आणि शिंप्याकडे गेलात तर तिसरंच. परवा बहिणीचा ब्लाउज दंडात घट्ट झाला म्हणून टेलरकडे गेलो, त्याने बाही उलटी केली, शिवणीच्या आत दुमडलेली कापडाची पट्टी बोटाने चाचपली आणि म्हणाला, ‘आत माया आहे, सोडून देतो.’ बाहेरून दिसत नाही, पण अंग वाढलं की उपयोगी पडते ती माया. आईच्या मायेला यापेक्षा चांगली व्याख्या मला तरी कुठल्या कोशात सापडलेली नाही.

स्नेह पण असाच, मुळात तेल-तूप, म्हणून तर स्निग्ध. जिव्हाळा घ्या, नख फार खोल कापलं गेलं की ‘जिव्हाळी लागलं’ म्हणतात ना, तोच तो आतला हळवा भाग. प्रीती मात्र मला जरा पुस्तकी वाटायची, तुकोबांचं ‘करी लाभाविण प्रीती’ नीट वाचेपर्यंत. ते आईबद्दल आहे, प्रियकराबद्दल नाही, आणि तिथे लाभ आहे, लोभ नव्हे, म्हणताना पुष्कळांची जीभ घसरते.

तर तुझे आजोबा हावरट नव्हते, निश्चिंत राहा. एक काम मात्र कर, पत्रं वेगळी लावून बघ, लहानांना बहुतेक ‘अनेक आशीर्वाद’ असेल, मोठ्यांना ‘शि. सा. नमस्कार’ म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार, आणि बरोबरीच्यांना लोभ. आजीच्या नावाचं एखादं निघालं तर त्याच्या शेवटी काय लिहिलंय ते मला जरूर कळव.