मायस्थेनिया : ऑपरेशन झालं, मग अँटीबॉडी का उतरत नाहीत?

प्रश्न : पत्नीला (वय 34) मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार, आहे. आठ महिन्यांपूर्वी छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी काढली. पापण्या आता पडत नाहीत, जेवताना जबडा थकत नाही, स्टेरॉइडही निम्म्यावर आलंय. पण अ‍ॅसिटिलकोलिन रिसेप्टर अँटीबॉडीचा आकडा जवळपास तोच आहे. ऑपरेशन फुकट गेलं का?

अजिबात नाही. निम्मं स्टेरॉइड आणि न थकणारा जबडा, हाच खरा रिपोर्ट. या अँटीबॉडी म्हणजे शरीराचीच प्रथिनं; स्नायूवर नसेचा संदेश घेणाऱ्या रिसेप्टरवर ती हल्ला करतात. त्या बनवण्याची सुरुवात बऱ्याच रुग्णांत थायमसमध्ये होते. पण ऑपरेशनपर्यंत त्या बनवणाऱ्या काही दीर्घायुषी पेशी अस्थिमज्जेत आणि लसिकाग्रंथींत जाऊन बसलेल्या असतात. ग्रंथी गेली तरी त्यांचं काम चालू राहतं. म्हणून आकडा हळूहळू उतरतो, काहींचा तर फारसा उतरतच नाही.

शिवाय ही चाचणी अँटीबॉडी किती आहेत एवढंच मोजते, त्या स्नायूंचं किती नुकसान करतात हे नाही. काही अँटीबॉडी कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं जागी करून स्नायूचा पडदाच खराब करतात, काही रिसेप्टर नष्ट करवतात, काही नुसत्या संदेशाची वाट अडवतात. त्यामुळे भला मोठा आकडा असलेल्या माणसाची फक्त पापणी पडते आणि लहान आकड्याचा माणूस व्हेंटिलेटरवर जातो, असंही घडतं. निदानासाठी चाचणी उत्तम आहे. आजार सर्वांगात पसरलेल्या सुमारे 85 टक्के रुग्णांत ती पॉझिटिव्ह येते. पण एकदा निदान झाल्यावर दर तीन महिन्यांनी ती करण्यात पैसे घालवू नका, लॅबने कितीही स्वस्त पॅकेज दिलं तरी.

प्रश्न : मी 27 वर्षांची आहे. अँटीबॉडी पॉझिटिव्ह, सीटी स्कॅनमध्ये गाठ नाही. तरी डॉक्टर ग्रंथी काढा म्हणतात. का?

थायमोमा, म्हणजे थायमसची गाठ, 10 ते 15 टक्के रुग्णांतच असते. ती असली की सहसा काढावीच लागते. वाद होता तो गाठ नसलेल्यांबद्दल. 1936 मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी एका तरुणीच्या थायमसमधली गाठ काढली आणि तिचा मायस्थेनिया सुधारला. पुढे गाठ नसलेल्यांच्या ग्रंथीही काढल्या जाऊ लागल्या, पण भक्कम पुरावा यायला 2016 उजाडलं. तुमच्यासारख्याच, अँटीबॉडी पॉझिटिव्ह पण गाठ नसलेल्या 126 रुग्णांपैकी काहींना ऑपरेशनसोबत प्रेडनिसोन हे स्टेरॉइड आणि बाकीच्यांना फक्त प्रेडनिसोन दिलं. तीन वर्षांच्या पाहणीत ऑपरेशनवाल्यांची ताकद जास्त सुधारली आणि त्यांना दिवसाआड सरासरी 44 मिलिग्रॅम गोळी पुरली; इतरांना 60 लागली. आजार बळावून भरती व्हावं लागलं ते 9 टक्क्यांना, दुसऱ्या गटात 37 टक्क्यांना. मधुमेह आणि हाडं ठिसूळ होणं हे स्टेरॉइडचे परिणाम पाहता, तुमच्या वयात मीही ऑपरेशनच्याच बाजूने झुकेन.

मात्र फरक दिसायला महिने, कधी वर्षं लागतात. त्या पाहणीत छातीचं हाड उघडून ऑपरेशन केलं होतं. आता दुर्बिणीने किंवा रोबोटनेही करतात. सर्जनला विचारायचं ते हे, की ग्रंथीसोबत भोवतीची चरबीही पूर्ण निघेल ना?

प्रश्न : वडील 71 वर्षांचे. फक्त डावी पापणी पडते. ऑपरेशन करावं का?

गाठ नसेल तर नको. गोळ्यांवर भागेल.

प्रश्न : माझी मस्क अँटीबॉडी पॉझिटिव्ह आहे. मला ऑपरेशनचा उपयोग होईल?

मस्क हे स्नायूवरचं दुसरं प्रथिन; काही रुग्णांत अँटीबॉडी त्याच्याविरुद्ध असतात. या प्रकारात थायमस काढून फायदा दिसलेला नाही. रिटक्सिमॅब या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधाला मात्र हे रुग्ण चांगला प्रतिसाद देतात. त्याबद्दल तुमच्या न्यूरोलॉजिस्टशी बोला.

प्रश्न : भूल देताना धोका असतो असं ऐकलं. खरं का?

असतो, पण आधी सांगितलं तर सांभाळता येतो. स्नायू सैल करणारी काही औषधं मायस्थेनियात नेहमीच्या मात्रेतही जास्त परिणाम करतात, म्हणून भूलतज्ज्ञाला निदान माहीत हवंच. हे ऑपरेशन सहसा घाईचं नसतं. गिळायला किंवा श्वासाला त्रास असेल तर आधी आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी शिरेतून) देऊन किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलून तब्येत स्थिर करतात, मग तारीख ठरवतात. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि शिरेतून दिलं जाणारं मॅग्नेशियम यांनी अशक्तपणा वाढू शकतो. ही नावं फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा, आणि दाताच्या डॉक्टरांनाही दाखवा.