हरभट रोडला दुकान टाकतोयस, तर हे आधी मनाशी ठरवून ठेव

हे बघ भावा, दुकान घेतलंस चांगलं केलंस, पण वर्षभरात काहीतरी अचानक येणार हे धरूनच चाल, आणि सांगलीत म्हणजे पहिला कृष्णामाईच्या पुराचा विचार. 2005, 2019, 2021, तिन्ही वेळा पाणी बाजारपेठेत आलंय, 2019 ला तर आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेलं होतं.

पावसाळ्यात कोयना धरणातून किती पाणी सोडलं, अलमट्टी धरणात काय चाललंय असले मेसेज रात्रभर येत राहतात आणि माणूस त्यानंच अर्धा खचतो. म्हणून जूनच्या आधीच घरच्यांना घेऊन बस आणि आकडा ठरव. आयर्विन पुलाजवळ 40 फूट इशारा पातळी, 45 धोका, पण तू 35 लाच माल वर हलवायचा, हे एकदा ठरलं ना की मग ऐनवेळी "बघू अजून थोडं" म्हणत बसायला नको, डोकं शांत राहतं. टेम्पोवाला आधीच बोलून ठेव, आईवडलांना कुठल्या नातेवाईकाकडं सोडायचं तेपण.

पाणी उतरल्यावरचा चिखल जास्त जड जातो हां. तेव्हा माणसं गप्प होतात, जेवत नाहीत, हिशोब काढत बसतात. तसं झालं तर एकटा राहू नकोस, शेजारच्या दुकानदारांसोबत मिळून साफसफाई कर, बोल त्यांच्याशी. दोन-तीन महिन्यांचा खर्च वेगळा ठेव आणि विम्यात पूर कव्हर आहे का ते आजच एजंटला विचार.