बायबलमधल्या वचनाचा खोल अर्थ ख्रिस्ती लोक कसा शोधतात?

योहानाच्या शुभवर्तमानातलं 15:7 (अध्याय 15, वचन 7) म्हणजे ‘पाहिजे ते मागा, मिळेल’ हे वचन रोज वाचूनही उलगडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. अडचण ‘रोज एक वचन’ यातच आहे. वचनांचे आकडे योहानाने घातलेले नाहीत. नव्या करारातले आजचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाच्या 1551 च्या आवृत्तीतून आले. म्हणून आधी अध्याय 13 ते 17 एका बैठकीत, मोठ्याने वाचा. अर्धा-पाऊण तास लागेल.

मग वहीत तीनच गोष्टी लिहा: कोण बोलतंय, कोणाशी, कधी. येशू शिष्यांशी बोलतोय, त्यांचं शेवटचं भोजन चालू आहे, त्याला धरून देणारा शिष्य यहूदा उठून गेलाय (13:30), येशूची अटक त्याच रात्री आहे. आता 15:7 चा पहिला अर्धा भाग वाचा. तिथे अट आहे: माझ्यात राहिलात आणि माझी वचनं तुमच्यात राहिली तर. नोकरी, प्लॉट, व्हिसा यांसाठी हे वचन वापरणारे नेमकी तीच गाळतात. पुढे 12 व्या वचनात आज्ञा येते ती एकमेकांवर प्रीती करण्याची.

त्यानंतर जुना करार. यशया 5 आणि स्तोत्र 80 मध्ये द्राक्षमळा, द्राक्षवेल म्हणजे इस्राएल. येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो तेव्हा शिष्यांना ही जुनी गाणी पाठ आहेत. पानाच्या समासात छापलेले इतर वचनांचे संदर्भ इथे कामाला येतात, पण त्या त्या जागी पूर्ण परिच्छेद वाचा. नाहीतर नुसत्या उड्या होतात.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षपट्ट्यातल्या माणसाला 15:2 मधली छाटणी लगेच कळते: काडी राखली-कापली नाही तर घड धरत नाहीत. मात्र आपली एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी त्यात घुसवून ‘देव दोनदा छाटतो’ असा उपदेश काढू नका. येशूच्या देशात वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपतो आणि मुख्य छाटणी त्या झोपेतच होते. ओळखीचं वाटतं तिथेच चूक जास्त होते.

भाषांतरं दोन ठेवा: बायबल सोसायटीचं, आणि मिळालं तर पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं. फरक दिसेल तिथे थांबा. भाष्यग्रंथ याच्याही नंतर उघडा. आधी उघडला की आपल्याला प्रश्नच पडत नाहीत.

कॅथलिकांमध्ये वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन अशी चार पायऱ्यांची जुनी पद्धत आहे. प्रॉटेस्टंट मंडळींनाही ती जमते. मी ती अभ्यासानंतर करायला सांगेन, कारण आधी केली तर बऱ्याचदा आपलंच मन बोलतं.

एकट्याने लावलेला अर्थ नाशिकच्या शरणपूरमधल्या किंवा तुमच्या जवळच्या चर्चमधल्या बायबल अभ्यासात मांडा. पाळकांना किंवा फादरना ‘अर्थ सांगा’ म्हणू नका. ‘हा अर्थ मागच्या-पुढच्या वचनांत बसतो का?’ असं विचारा. आणि नवी प्रत घेताना अनुक्रमणिका बघा: प्रॉटेस्टंट प्रतीत 66 पुस्तकं, कॅथलिक प्रतीत 73.