चार-पाच हिवाळे टिकेल असा स्वेटर कसा ओळखायचा?

मुलगा दिल्लीला शिकायला चाललाय, दुकानात सगळेच स्वेटर छान दिसतात, मग टिकाऊ कोणता, असं तुम्ही विचारलंय. मी तीस वर्षं विणतेय. माझं पहिलं सांगणं हेच, की मऊपणाला भुलू नका.

हाताला लोण्यासारखा लागणारा स्वेटर पुष्कळदा आखूड तंतूंच्या, सैल पिळाच्या धाग्याचा असतो. घासलं की ते तंतू बाहेर येतात आणि गुंतून गोळे होतात. भाच्यासाठी मी असाच एक हौसेनं घेतला होता. महिन्याभरात काखेत आणि सॅकचा पट्टा घासतो तिथे नुसते गोळे! लोकरीचे गोळे निदान हळूहळू गळतात, ॲक्रिलिकचा तंतू चिवट म्हणून त्याचे चिकटून राहतात. तेव्हा दुकानातच तळव्यानं दहा-बारा वेळा घासून बघा. लव उठली तर ठेवून द्या.

मग स्वेटर उलटा करा. कापड कापून ओव्हरलॉक मारलेलं, म्हणजे कापलेल्या कडा मशीनच्या दोऱ्यानं गुंडाळून शिवलेलं असेल, तर ती शिवण उसवली की टाके सुटत जातात. चांगल्या स्वेटरचे भाग आकारातच विणलेले असतात आणि मुंढ्यापाशी टाके कमी केल्याच्या तिरप्या खुणा ओळीनं दिसतात. त्या दिसल्या की मी किंमत जास्त असली तरी घेते. मनगटाची बॉर्डर ताणून सोडा, लगेच पूर्ववत झाली पाहिजे.

‘लुधियानाचा माल’ एवढ्यावर विसंबू नका, तिथे उत्तम आणि सुमार दोन्ही बनतं. लेबलवर लोकर किती टक्के ते वाचा. खात्री करायची तर घरी सुट्या धाग्याचं टोक जाळा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो.

आता होस्टेलचं. मुलगा सगळे कपडे एकत्र मशीनमध्ये टाकणार असेल, तर साधी शुद्ध लोकर आटून घट्ट होईल. त्याला मशीनमध्ये चालेल असं लेबलवर लिहिलेलाच घ्या. हातानं धुणार असेल तर शुद्ध लोकरच घ्या. धुताना गार पाणी वापरावं, पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावं आणि आडवा पसरून वाळवावा. उन्हाळ्यात ठेवताना धुऊनच ठेवायला सांगा, घामाच्या डागांवर कसर आधी लागते.