आयपी ॲड्रेस : आतला कुठला, बाहेरचा कुठला?

आयपी ॲड्रेसवर, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला मिळणाऱ्या आकडी पत्त्यावर, बरेच प्रश्न आलेत, त्यातले सगळ्यांच्या उपयोगी पडतील असे घेतोय.

प्रश्न : माझ्या फोनला वायफायवर १९२.१६८.१.५ दिसतो आणि शेजारच्या काकांच्या लॅपटॉपलाही अगदी तोच. ते माझं वायफाय वापरतायत का? (कोल्हापूर)

एवढ्यावरून काकांवर संशय नको. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते प्रायव्हेट असतात, घरातल्या घरात चालणारे, प्रत्येक बिल्डिंगमध्ये १०१ नंबरचा फ्लॅट असतो ना तसंच. तुमचा राउटर तुमच्या घरात पत्ते वाटतो, त्यांचा त्यांच्या घरात, आणि उलट दोघं एकाच वायफायवर असते तर एकच पत्ता दोघांना नीट चाललाच नसता. अशा तीन रेंज बाजूला काढून ठेवल्यात : १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. मधल्या रेंजला लोक हमखास चुकतात, १७२ वालं सगळंच प्रायव्हेट नसतं. इंटरनेटवर जाताना राउटर तुमच्या पत्त्याच्या जागी स्वतःचा पत्ता लावून पाठवतो, याला नॅट म्हणतात, आणि वेबसाइटला दिसतो तो हा बाहेरचा. म्हणून आयपीचा काहीही घोळ असू दे, पहिलं हे बघायचं की आपण आतला पत्ता बघतोय का बाहेरचा.

प्रश्न : ऑफिसच्या प्रिंटरला १९२.१६८.१.२० असा फिक्स आयपी टाकलाय, पण लाइट जाऊन आली की कधीकधी प्रिंटच निघत नाही. (नाशिक)

तुम्ही प्रिंटरला पत्ता फिक्स केला पण राउटरला ते सांगितलंच नाही. राउटर बंद होऊन चालू झाला की कुणाला काय दिलं होतं ते बरेच राउटर विसरतात, आणि तेवढ्यात कुणाचा तरी फोन २० नंबर घेऊन बसतो. राउटरच्या डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटायच्या) सेटिंगमध्ये जा, तिथे प्रिंटरचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा कंपनीतूनच आलेला ओळख नंबर) टाकून २० नंबर त्याच्यासाठी रिझर्व्ह करा, किंवा वाटपाची रेंज १०० पासून सुरू करा म्हणजे खालचे नंबर मोकळे राहतात. आणि कधी कॉम्प्युटरवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजायचं की राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, मशीनने स्वतःच काहीतरी लावून घेतलंय, तेव्हा आधी केबल बघा.

प्रश्न : दुकानात कॅमेरे आहेत, डीव्हीआरसाठी (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं, यूट्यूबवर बघून सगळं तसंच केलं, तरी घरून दिसत नाही. (बार्शी)

हा प्रश्न सारखा येतो म्हणून नीट सांगतो. पोर्ट म्हणजे नंबर दिलेलं दार, आणि पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्या दाराशी बाहेरून येणाऱ्याला राउटरने आत डीव्हीआरकडे पाठवणं. दुकानाच्या वायफायवरून राउटरच्या स्टेटस पेजवर जा, वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) लिहून घ्या. मग तिथूनच गूगलवर माझा आयपी काय असं शोधा (लांबलचक, मध्ये कोलन असलेलं काही आलं तर तो नव्या पद्धतीचा पत्ता, आयपीव्ही६ आहे, आपल्याला इथे टिंबांनी जोडलेल्या चार आकड्यांचा जुन्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही४ वालाच हवाय). दोन्ही सारखे असतील तर चूक सेटिंगमध्ये शोधा. पण वॅन आयपी १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, किंवा तो १० ने सुरू होत असेल, तर तुमच्या नेटवाल्याने पण पुढे आणखी एक नॅट लावलंय, ज्याला सीजीनॅट म्हणतात. मग तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरून येणारा तिथपर्यंत पोचतच नाही.

नेटवाले असं करतात कारण आयपीव्ही४ मध्ये ३२ बिट (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा), म्हणजे सगळे मिळून ४२९ कोटीच पत्ते, त्यातलेही सगळे वापरता येत नाहीत. जगाचा मुख्य साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला, त्यामुळे एकेका पत्त्यावर बरीच गिऱ्हाइकं बसवावी लागतात. आयपीव्ही६ मध्ये १२८ बिट आहेत, तिथे ही टंचाईच नाही, पण सगळे डीव्हीआर आणि राउटर अजून त्याला तयार नसतात.

तुमच्यापुढे दोन रस्ते : नेटवाल्याकडून पैसे भरून स्टॅटिक पब्लिक आयपी (न बदलणारा, फक्त तुमचा बाहेरचा पत्ता) घ्या, नाहीतर डीव्हीआर कंपनीच्या ॲपमधून क्यूआर स्कॅन करून बघा. मी दुसरा रस्ताच सांगेन. पोर्ट उघडा ठेवलेला डीव्हीआर जगभरातून दिसतो, आणि २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने असेच फॅक्टरी पासवर्डवाले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन मोठमोठ्या साइट बंद पाडल्या होत्या. पासवर्ड आजच बदला, प्लीज.

प्रश्न : १९२.१६८.१०.७७/२६ कुठल्या नेटवर्कमधला? परीक्षेत दरवेळी गोंधळ होतो. (डिप्लोमा, लातूर)

२६ म्हणजे ३२ पैकी पहिले २६ बिट नेटवर्कचे, उरले ६, आणि २ चा सहावा घात ६४. म्हणजे शेवटच्या आकड्यात ६४-६४ चे गठ्ठे पाडायचे : ०, ६४, १२८, १९२. ७७ बसतो ६४ ते १२७ मध्ये. झालं, नेटवर्क १९२.१६८.१०.६४, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम निरोप द्यायचा पत्ता) शेवटचा १२७, मधले ६५ ते १२६ असे ६२ मशीनना देता येतात, आणि मास्क (नेटवर्कचे बिट कुठपर्यंत ते दाखवणारा आकडा) २५५.२५५.२५५.१९२ (२५६ मधून ६४ गेले). बायनरी लिहीत बसू नका, आधी गठ्ठा काढा, बाकी सगळं त्यातनंच निघतं.

प्रश्न : "तुमच्या आयपीवरून गुन्हा झालाय, व्हिडिओ कॉलवर राहा" असा पोलिसांचा फोन आला, आई फार घाबरलीय. आयपीवरून आपण सापडतो का? (सांगोला)

तो फोन पोलिसांचा नव्हता, आईंना हे आत्ताच सांगा. व्हिडिओ कॉलवर अटक करायची पद्धत आपल्या कायद्यात नाहीच. आयपीवरून साधारण नेटवाली कंपनी आणि अंदाजे शहर कळतं, तेही चुकतं, म्हणून सांगोल्यात बसून मॅपवर मुंबई दिसू शकते. घरचं नाव-पत्ता फक्त नेटवाल्याच्या रेकॉर्डला असतो आणि सीजीनॅट असेल तर त्यालाही आयपीबरोबर पोर्ट नंबर आणि नेमकी वेळ लागते, तेव्हा कुठे गिऱ्हाईक कळतं. ते रेकॉर्ड तपास यंत्रणा रीतसर मागवते, कुणा अनोळखी फोनवाल्याला मिळत नाही. नंबर ब्लॉक करा, आणि पैसे पाठवले गेले असतील तर लगेच, उद्यावर न टाकता, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.